अपक्वाहार आणि चमचाभर अपवाद

आहाराविषयींचे वाद म्हणजे केवळ पोटाचे वाद, अशा समजुतीनें सुशिक्षित वाचक पुष्कळदां त्यांजकडे दुर्लक्ष करतो. ते वैद्यांनीं सोडवावे अथवा स्वयंपाकघरांत सुटावे. त्यांत विचार करण्यासारखें तें काय आहे, असें त्याला वाटतें. परंतु ताटांत उद्भवलेला प्रश्न कधीं कधीं नीतिशास्त्राच्या दारांत जाऊन उभा राहतो. अग्नीचा संस्कार न झालेल्या अन्नावरच निर्वाह करावयाचा, असा जो अपक्वाहाराचा नियम कित्येक लोक आज पाळतात, त्यांतून असाच एक प्रश्न निघतो. फळें, पालेभाज्या, मोड आलेलीं कडधान्यें व सुका मेवा यांवर राहणाऱ्या मनुष्यानें दिवसांतून एखादा चमचा कारखान्यांत तयार झालेला पदार्थ खाल्ला, तर त्याचा नियम राहिला कीं मोडला?

एक पक्ष म्हणतो, मोडला. जो मनुष्य शंभरांपैकीं नव्याण्णव वेळां खरें बोलतो, त्याला आपण सत्यवादी म्हणत नाहीं. मग नव्याण्णव भाग कच्चें खाणाऱ्यालाच सवलत कां द्यावी? दुसरा पक्ष म्हणतो, आहार म्हणजे सत्यवचन नव्हे. एक चमचा पदार्थ शेरभर फळांच्या गुणाचा नाश करील, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? ज्या घरांत एखादा मुलगा अथवा सून हा नियम धरते, त्या घरांत हे दोन्ही पक्ष एकाच पंक्तीला बसलेले असतात. आई म्हणते, "एवढ्याशानें काय होतें?" आणि मुलगा म्हणतो, "मग नियम तरी कशाला?" दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोघेही कोठें तरी एका गोष्टीची दुसरीशीं गल्लत करीत आहेत. ती गल्लत कोणती, हें पाहण्याचा येथें हेतु आहे.

अपक्वाहाराच्या आधुनिक इतिहासांत एक वाडगा प्रसिद्ध आहे. प्रथम त्याच्याकडे पाहूं. मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) हे स्वित्झर्लंडांतील झुरिच येथील डॉक्टर. त्या काळच्या युरोपीय वैद्यांच्या मतें बळ येई तें मांसानें व शिजविलेल्या अन्नानें. कच्चीं फळें आणि भाज्या हीं केवळ तोंडीं लावण्याचीं. बिर्खर यांनीं हा क्रम उलटा केला. कच्च्या वनस्पतिजन्य अन्नाला त्यांनीं औषधाचा मान दिला, आणि १९०४ सालीं झुरिचजवळच्या टेकडीवर 'सजीव शक्ति' अशा अर्थाचें नांव देऊन एक आरोग्यधाम उघडलें. तेथें रोग्यांना जो पदार्थ देत, तोच पुढें 'म्यूस्ली' या नांवानें जगभर पसरला. त्याची मूळ कृति अगदीं साधी आहे. ओट नांवाच्या धान्याचे पोहे एक मोठा चमचाभर घेऊन ते तीन चमचे पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावे. त्यांत अर्ध्या लिंबाचा रस व एक चमचा साखर घातलेलें आटीव दूध मिसळावें. मग सुमारें २०० ग्रॅम सफरचंद सालीसकट त्यांत किसावें आणि वर चमचाभर बदामाचें अगर तशाच दुसऱ्या फळाचें कूट घालावें.

वाचकांनीं या यादींतील आटीव दुधावर बोट ठेवावें. दूध आटवून, त्यांत साखर घालून, पत्र्याच्या डब्यांत बंद केलेला हा पदार्थ म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील कारखानदारीचें अपत्य होय. स्वित्झर्लंडांत त्याचा कारखाना १८६६ सालींच निघाला होता. ओटच्या पोह्यांचीही तीच गोष्ट. धान्य वाफवून रुळांखालीं दाबल्यावांचून ते होत नाहींत. म्हणजे ज्या वाडग्यानें कच्च्या अन्नाची कीर्ति जगांत नेली, त्याच वाडग्यांत अग्नि आणि यंत्र हे दोघेही एकेक चमच्याच्या रूपानें बसलेले होते. कडक पक्षाच्या मतें, मग, अपक्वाहाराचा हा आद्य पुरस्कर्ताच व्रतभ्रष्ट ठरतो. सैल पक्ष म्हणेल, पाहा, त्यांनींही डब्यांतलें दूध खाऊं घातलें, मग आम्हांस बिस्किटाचा पुडा कां वर्ज्य असावा?

दोघांचीही घाई होत आहे. या वाडग्यांत मुख्य कोण व सेवक कोण, हें आधीं पाहिलें पाहिजे. सफरचंद २०० ग्रॅम आणि दूध एक चमचा. त्या दुधाचें काम एवढेंच कीं, लिंबाची व सफरचंदाची आंबट धार बोथट करावी आणि ज्या रोग्याची जीभ मांसाच्या रश्शाला सोकावलेली आहे, त्याला तो कच्च्या फळाचा वाडगा रोज सकाळसंध्याकाळ खाववा. शिवाय त्या काळीं ताज्या, न तापविलेल्या दुधांतून क्षयाचे जंतु पसरत असत. तत्त्वाच्या आग्रहानें कच्चें दूध घालणें हें रोग्याला डब्यांतील दुधापेक्षां अधिक घातक ठरण्याचा संभव होता. येथें अपवाद नियमाच्या पायांत घुटमळत नाहीं, तर नियमाला हात देऊन चालवितो.

आतां 'अपक्व' या शब्दाकडे वळूं. कारण कडक पक्षाचा सगळा भार त्यावर आहे. या पंथांतील बहुतेक लोक ४० ते ४८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान कोठें तरी रेषा ओढतात व त्यापुढें तापलेलें तें शिजलेलें असें समजतात. परंतु आपल्या कोठीघरांत जाऊन ही रेषा लावून पाहावी. दहींपोहे चुलीवर चढत नाहींत, म्हणून ते कच्चे असें वाटतें. पण भात भिजवून, भाजून आणि कुटून मग पोहे झालेले असतात. गूळ हा उंसाच्या रसाला कढईंत तासन्‌तास उकळून केलेला. कोंकणांतून व गोव्यांतून येणारे 'कच्चे' काजू तर नांवालाच कच्चे. त्यांच्या टरफलांत कातडी भाजणारें तेल असल्यामुळें बिया आधीं भाजाव्या अगर वाफवाव्या लागतात, तेव्हां कोठें त्या फोडतां येतात. कोशिंबिरींतल्या काकडीला विस्तव लागला नाहीं, तरी तिच्यावर पडणाऱ्या फोडणीला लागलेलाच असतो. खुद्द 'कच्चा' हा शब्दही एकनिष्ठ नाहीं: उत्तर हिंदुस्थानांत पाण्यांत शिजविलेल्या वरणभातपोळीला 'कच्ची रसोई' म्हणतात आणि तुपांत तळलेली ती 'पक्की'. तात्पर्य, जी शुद्धि मोडली म्हणून हळहळावयाचें, ती पुष्कळदां मूळचीच तेथें नसते.

शब्द बाजूला ठेवून शरीराला विचारलें, तर तें काय सांगतें? उष्णतेनें अन्नाचें नुकसान होतें हें खरें. 'क' जीवनसत्त्व तापविल्यानें कमी होतें व शिजविलेल्या पाण्याबरोबर वाहून जातें. पण उष्णता देतेही. गाजराचा व टोमॅटोचा जो रंग आरोग्याला उपकारक मानतात, तो शिजवून, थोड्या तेलाच्या सोबतीनें खाल्ला असतां शरीरांत अधिक मुरतो. आणि राजम्याचे थोडेसे कच्चे दाणेही ओकाऱ्या आणतात, ते नीट शिजले म्हणजे निर्विष होतात. या पंथाचें एक आवडतें मत असें आहे कीं, कच्च्या अन्नांत 'जिवंत' पाचकद्रव्यें असतात व शिजविलेला एक घास त्यांचें कार्य बिघडवितो. परंतु वनस्पतींतील हीं द्रव्यें वनस्पतीच्या कामासाठीं असतात. आपल्या जठरांतील आम्लांत त्यांपैकीं बहुतेकांचा इतर प्रथिनांप्रमाणेंच चुरा होतो. एका घासानें मोडावें असें तेथें कांहीं रचलेलेंच नसतें.

याहून बोलका पुरावा जर्मनींतील गीसेन विद्यापीठाच्या संशोधनाचा आहे. तेथील संशोधकांनीं ज्यांच्या आहारांत कच्च्या अन्नाचें प्रमाण ७० ते १०० टक्के होतें, अशा ५१३ स्त्रीपुरुषांची पाहणी करून १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पुरुषांपैकीं १४.७ टक्के आणि स्त्रियांपैकीं २५ टक्के यांचें वजन प्रमाणापेक्षां कमी आढळलें. पंचेचाळिशीच्या आंतील सुमारें ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती अथवा थांबली होती. आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्यांचा आहार नव्वद टक्क्यांहून अधिक कच्चा होता, त्यांना हा त्रास मध्यम प्रमाणांत कच्चें खाणाऱ्यांपेक्षां अधिक वेळां झाला. तेथीलच दुसऱ्या एका अभ्यासांत, २००५ सालीं, अशा २०१ लोकांची रक्तपरीक्षा झाली. हृदयाला अपायकारक चरबी त्यांच्यांत कमी होती, ही जमेची बाजू. पण ३८ टक्क्यांना 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव होती. दूधही न घेणाऱ्या अपक्वाहारी मनुष्याला हें जीवनसत्त्व पानांफळांतून पुरेसें मिळत नाहीं. तें कारखान्यांतील टाक्यांत जंतूंकडून तयार करून गोळीच्या रूपानें घ्यावें लागतें. म्हणजे सर्वांत कडक अपक्वाहार टिकावयाचा, तर तो कारखान्याच्या एका गोळीवर! जिला अपवाद म्हणून दाराबाहेर उभी करावयाची, तीच घराचा खांब होऊन बसते.

एवढ्यावरून सैल पक्षानें विजयाची गुढी उभारूं नये. 'थोडें' हा शब्द मापाचा दिसतो, पण तो भविष्याविषयींचें एक अभिवचनही असतो: आज एवढेंच, आणि उद्यांही एवढेंच. कांहीं पदार्थांच्या बाबतींत हें अभिवचन पाळणें कठीण असतें. २०१९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत वीस माणसांना ठेवून घेऊन, दोन आठवडे कारखानी बनावटीच्या अतिप्रक्रियायुक्त अन्नावर व दोन आठवडे साध्या अन्नावर राखलें. पुढें मांडलेल्या दोन्ही ताटांतील उष्मांक, साखर, चरबी व तंतु सारखे होते आणि हवें तेवढें खाण्याची मोकळीक होती. तेव्हां पहिल्या ताटावर तींच माणसें दररोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खातात असें आढळलें. आटीव दुधाचा चमचा चमचाच राहतो. कारण त्याला सफरचंदाच्या वाडग्याबाहेर कांहीं काम नसतें. पुड्यांतील खारे तळीव तुकडे मुठीएवढे राहत नाहींत. कारण मूठ संपतांच दुसरी मूठ मागितली जावी अशीच त्यांची घडण असते. म्हणून प्रमाण विचारण्यापूर्वीं पदार्थाचा स्वभाव विचारावा.

येथपर्यंत शरीराची बाजू झाली. परंतु माणूस नियम धरतो तो केवळ शरीरासाठीं नव्हे. जगांत कांहीं गोष्टी जमाखर्चाच्या वहीसारख्या असतात. एका दिवसाची तूट वर्षाच्या शिलकेंत बुडून जाते. कांहीं गोष्टी हंड्यांतील दुधासारख्या असतात. ताकाचा एक थेंब पडला कीं, सबंध हंड्याचें रूप पालटतें. आरोग्य हें पहिल्या जातीचें, आणि दिलेला शब्द हा दुसऱ्या जातीचा. पथ्य आणि व्रत यांतील भेद तो हाच. पथ्यांत 'किती' हा प्रश्न योग्य आहे. व्रतांत तो बहुधा पळवाटेचा प्रश्न असतो.

याचें सर्वांत प्रांजळ उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रांत सांपडतें. दक्षिण आफ्रिकेंत असतांना १९१२ सालीं त्यांनीं दूध सोडलें. पुढें १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांतील सैन्यभरतीच्या दगदगीनंतर ते मरणोन्मुख आजारी झाले. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हां उभें राहणार नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें. व्रत घेतांना मनांत गाईम्हशी होत्या, तेव्हां बकरीच्या दुधाला हरकत कोणती, असें कस्तुरबांनीं सुचविलें, आणि गांधीजींनीं तें मानलें. शरीराच्या वहींत ही जमा होती. ते बरे झाले व कामाला लागले. पण व्रताचें अक्षर राहिलें आणि आत्मा गेला, ही टोंचणी त्यांनीं आपल्या आत्मकथेंत स्वतःच नमूद करून ठेविली आहे. बकरीचें दूध किती छटाक होतें, हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं. आईनें व पत्नीनें जें करावें, तेंच बांनीं केलें. आणि सत्यनिष्ठ मनुष्याला जें टोंचावें, तेंच गांधीजींना टोंचलें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं बरोबर असूं शकतात, कारण दोघांपुढील प्रश्न एक नव्हता.

पुढें १९२९ सालीं साबरमतीस गांधीजींनीं अपक्वाहाराचाही प्रयोग केला. मोड आलेले गहूं, बदामाचा लगदा, हिरवा पाला, लिंबें व मध असा तो आहार होता. सहकाऱ्यांपैकींही कांहीं त्यांत सामील झाले आणि 'यंग इंडिया'मधून त्याची हकीकत लोकांपुढें येत गेली. कांहीं महिन्यांत प्रकृति बिघडली व प्रयोग थांबवावा लागला. तेंही जाहीर झालें. या वेळीं मात्र बकरीच्या दुधासारखी टोंचणी लागण्याचें कारण नव्हतें. प्रयोग सोडतां येतो, व्रत मोडतें. ज्यानें आपला अपक्वाहार प्रयोग म्हणून धरला आहे, त्याला चमचाभर अपवाद ही नोंद करण्याची बाब आहे. ज्यानें तो व्रत म्हणून धरला आहे, त्याला तीच बाब स्वतःला जाब विचारण्याची आहे. तेव्हां "एवढ्याशानें बिघडलें काय?" या प्रश्नाचें उत्तर चमच्यांत नाहीं, नियम घेतांना आपण काय म्हटलें होतें, त्यांत आहे.

तथापि नियमाचें अक्षर जपण्यांत सर्व कांहीं आलें, असेंही नव्हे. याची साक्ष आपल्या एकादशीच्या ताटांत मिळते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी: यांतील एकही पदार्थ नियमाबाहेरचा नाहीं. साबुदाणा हा टॅपिओकाचा कंद किसून, त्याचें सत्त्व धुऊन, त्याचे मणी वळून, ते तापवून व वाळवून कारखान्यांत तयार होतो. तामिळनाडूंतील सेलम हें त्याचें मोठें केंद्र. तो कंद, बटाटा, भुईमूग व मिरची हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतील आणि गेल्या चार-पांच शतकांत आपल्याकडे आलेलीं. धर्मशास्त्रानें त्यांना वर्ज्य ठरविण्याइतकी जुनी ओळख नव्हती, म्हणून तीं आंत आलीं. हें ताट रिकामें करून उठणाऱ्याचा नियम तंतोतंत राहतो, आणि हलकें खाऊन मन हलकें करण्याचा हेतु मात्र त्या तुपाबरोबर विरघळून जातो. बिर्खर यांच्या वाडग्यांत नियमाला तडा होता आणि हेतु शाबूत होता. येथें नियम शाबूत आहे आणि हेतूचा पत्ता नाहीं. यांपैकीं कोणता दोष मोठा, हें वाचकांस सांगावयास नको.

यावरून चमचाभर अपवादाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी, असें आम्हांस वाटतें. पहिला प्रश्न: तो अपवाद मुख्य गोष्टीची सेवा करतो, कीं तिची जागा बळकावतो? दुसरा: तो नियम करतांना डोळ्यांदेखत ठरला होता, कीं मोह पडल्यानंतर मनानें त्याला पूर्वतारखेची परवानगी दिली? तिसरा: तो उघड सांगतां येतो, कीं झांकून ठेवावासा वाटतो? लिंबाच्या रसांत मिसळलेला दुधाचा चमचा, ब-१२ ची गोळी, काकडीवरची फोडणी हीं या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरें देतात. मध्यरात्रीं कपाटाआड उघडलेला पुडा एकालाही देत नाहीं, मग तो केवढाही लहान असो. उलट जो मनुष्य अपवादाच्या भीतीनें गोळीही नाकारतो व शरीर खंगूं देतो, त्यानें पथ्याला व्रत समजून एका जातीच्या गोष्टीवर दुसऱ्या जातीचा कायदा लादला, असेंच म्हणावें लागेल. गीसेनच्या त्या स्त्रियांची पाळी थांबली, ती निष्ठा कमी पडल्यामुळें नव्हे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाहीं. नियम एकटा मनुष्य धरतो, पण त्याचा भार बहुधा घरांतील दुसरें कोणी तरी वाहतें. संक्रांतीला वडील माणसानें पुढें केलेली तिळगुळाची वडी 'शिजलेली' म्हणून परत करणाऱ्यानें आपली शुद्धि राखली असेल; परंतु ज्या हातानें ती दिली, त्या हाताचा मान त्यानें कोणत्या वहींत मांडला? नियमानें माणूस जर आपल्या माणसांतून उठून जात असेल, तर तो नियम आहाराचा राहिला नसून अहंकाराचा झाला आहे. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. "एवढ्याशानें काय होतें?" असें म्हणून दुसऱ्याच्या ताटांत जबरीनें वाढणें, हा प्रेमाचा नव्हे तर सत्तेचा प्रकार आहे. एवढ्याशानें कांहीं होत नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या मुखांत घास जावयाचा आहे त्याचा, वाढणाऱ्याचा नव्हे. आईनें एकवार विचारावें, मुलानें एकवार हंसून नाहीं म्हणावें अथवा वडीचा तुकडा मोडून घ्यावा. दोन्हींत कोणाचा धर्म बुडत नाहीं.

शरीर हें उदार सावकार आहे. तें किरकोळ देणीं माफ करतें व वर्षाचा एकंदर हिशेब पाहतें. मन हें तसें नाहीं. तें रकमेकडे न पाहतां खोट्या नोंदीकडे पाहतें. म्हणून चमचाभर पदार्थानें अपक्वाहार बुडत नाहीं, आणि त्याच चमच्याविषयीं स्वतःशीं केलेल्या लबाडीनें तो बुडाल्यावांचून राहत नाहीं. ज्यानें ताटाचा हिशेब शरीराला आणि शब्दाचा हिशेब मनाला, असा ज्याचा त्याला चोख दिला, त्यानें चमचा उचलावा अथवा ठेवावा. त्याच्या नियमाला कांहीं धोका नाहीं.